पाचव्या चिमणीचा भाव

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू चिमण्यांचा बाजारभाव सांगतो: दमडीला दोन. लूककडे तोच भाव थोडा वेगळा येतो: दोन दमड्यांना पाच. पहिल्या हिशेबाने चारच यायला हव्यात. पाचवी चिमणी विकणाऱ्याने वर घातलेली, भाजीवाली मूठभर कोथिंबीर पिशवीत टाकते तशी. दमडी म्हटलेले हे रोमन नाणे दिनाराचा सोळावा भाग होते आणि दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. चिमण्या म्हणजे कोकरू परवडत नाही अशा घरातले मांस. त्या फुकट पडलेल्या पाचवीचाही देवाला विसर पडत नाही, आणि तुमचे मोल तर पुष्कळ चिमण्यांहून जास्त, असे येशू शिष्यांना समजावतो.

जास्त कशामुळे, हे मात्र तो सांगत नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये ‘देवाच्या दृष्टीने तू मोलवान आहेस’ हे वाक्य युवक-शिबिरापासून अंत्यविधीपर्यंत सगळीकडे ऐकू येते. ते खरेही आहे. पण हे मोल येते कुठून आणि माणसापर्यंत पोचते कसे, यावर ख्रिस्ती विचारात मोठा वाद झालेला आहे, आणि तो वाद माहीत नसला की हे वाक्य भेटकार्डावरचा मजकूर होऊन बसते.

एक उत्तर उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आहे. देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचे केले, म्हणजे मोल माणसातच आहे. हे प्रतिरूप नेमके कशात, असे विचारले की जुने शास्त्री बुद्धीकडे, इच्छाशक्तीकडे बोट दाखवत. अडचण इथेच सुरू होते. मग ज्याची बुद्धी जन्मतः अधू आहे त्याचे काय? स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या आईचे काय?

दुसरे उत्तर अनुवादाच्या सातव्या अध्यायात सापडते. देवाने इस्राएलला निवडले, पण ते काही मोठे राष्ट्र नव्हते, उलट सगळ्यांत लहान. मग का निवडले? प्रीती केली म्हणून. प्रीती का केली, याचे कारण पुन्हा प्रीतीच. तर्कशास्त्राचा मास्तर या उत्तराला गुण देणार नाही, पण पुढचा सगळा विचार याच गोल कारणावर उभा राहिला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने मांडले की आपण चांगले दिसेल त्यावर प्रेम करतो. देवाचे प्रेम मात्र वस्तूत चांगुलपणा घालते. मार्टिन लूथरने १५१८ साली हायडेलबर्गच्या वादसभेत अठ्ठाविसाव्या प्रमेयात हीच गोष्ट पापी माणसाला लावली: देवाच्या प्रीतीला आवडण्याजोगे काही आयते सापडत नाही, ती ते निर्माण करते. विसाव्या शतकात स्वीडनच्या आंडर्स नीग्रेनने ‘एरोस आणि अगापे’ या ग्रंथात हा विचार टोकाला नेला. त्याच्या लेखी माणूस म्हणजे देवाचे प्रेम शेजाऱ्यापर्यंत नेणारी केवळ नळी. जॉन बर्नबी या इंग्रज अभ्यासकाने १९३८ मध्ये ऑगस्टिनचा आधार घेऊन त्याला विरोध केला. माणसाने देवाची ओढ धरणे, त्यात आपले सुख शोधणे हे काही गैर नव्हे, असे त्याचे म्हणणे. मला बर्नबीची बाजू पटते. नळीवर कोणी प्रेम करत नाही, दुरुस्ती करतो.

अलीकडे निकोलस वोल्टरस्टॉर्फ या अमेरिकन तत्त्वज्ञाने २००८ च्या न्यायविषयक ग्रंथात दोन्ही उत्तरांची सांधेजोड केली आहे. मानवी हक्क बुद्धीसारख्या एखाद्या क्षमतेवर उभे केले तर तान्हे मूल आणि स्मृती गेलेला रुग्ण बाहेर पडतात, हे तो दाखवतो. कोणालाही बाहेर न ठेवणारा आधार एकच उरतो: देवाने प्रत्येकाला जीव लावला आहे, आणि कोणी जीव लावणे हेच मोल देणे आहे. न मानणाऱ्याला हा युक्तिवाद पटणार नाही, हे तोही जाणतो. पण मानणाऱ्यांपैकी किती जण स्मृती गेलेल्या आईशी या हिशेबाने वागतात, हा प्रश्न त्याच्या पानांतून सुटत नाही.

आता या विषयाचा दुसरा, जास्त खपणारा भाग. १८९० मध्ये विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने स्वाभिमानाचे सूत्र मांडले: मिळालेले यश भागिले बाळगलेल्या अपेक्षा. पुढे अमेरिकेत आत्मसन्मान ही सार्वजनिक चळवळच झाली. कॅलिफोर्निया राज्याने १९८६ मध्ये त्यासाठी सरकारी कार्यदल नेमले. चर्च मागे राहिले नाही. रॉबर्ट शुलर या दूरचित्रवाणीवरच्या उपदेशकाने १९८२ मध्ये पुस्तक लिहून जाहीर केले की नव्या धर्मसुधारणेचा पाया आत्मसन्मान हाच असायला हवा. त्याच्या काचेच्या भव्य मंदिराच्या संस्थेचे २०१० मध्ये दिवाळे निघाले, ही गोष्ट वादात पुरावा म्हणून आणू नये हे खरे, पण आठवल्यावाचून राहत नाही. २००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा आत्मसन्मान वाढवला की अभ्यास सुधारतो, वागणूक सुधारते या समजुतीला फारसा आधार मिळाला नाही.

याच सुमारास जेनिफर क्रॉकर या मानसशास्त्रज्ञेने वेगळा प्रश्न विचारला. माणूस स्वतःची किंमत किती समजतो यापेक्षा ती कशावर टांगतो हे पाहावे. तिने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी सात खुंट्या ठरवल्या: अभ्यास, रूप, लोकांची पसंती, स्पर्धेतला विजय, घरच्यांचा आधार, सदाचरण आणि देवाचे प्रेम. रूपावर किंमत टांगणाऱ्यांच्या तुलनेत देवाच्या प्रेमावर टांगणारी मुले दारूच्या वाटेला कमी जातात, असे तिच्या पाहण्यांत दिसले. पाळकांना हे ऐकून आनंद होईल. पण प्रश्नावलीतून कळते ते एवढेच, की मूल कशावर विसंबले आहे. ज्याचा आधार आहे तो देव प्रेमळ आहे की पट्टी घेऊन बसलेला मास्तर आहे, हे त्यात येत नाही.

ते १९७३ च्या एका जुन्या अभ्यासात येते. पीटर बेन्सन आणि बर्नार्ड स्पिल्का यांनी सारखीच धार्मिक शिकवण मिळालेली कॅथलिक मुले घेतली. ज्यांना स्वतःबद्दल बरे वाटत होते त्यांचा देव प्रेमळ होता. ज्यांना स्वतःची किंमत वाटत नव्हती त्यांचा देव कठोर होता, दूर लोटणारा होता. धर्मशिक्षणाचे वर्ग तेच, प्रार्थना त्याच. उपदेशकांनी हा निष्कर्ष गांभीर्याने घ्यायला हवा, कारण त्याचा रोख उलटा आहे: देवाच्या प्रेमातून स्वतःची किंमत कळावी असे आपण म्हणतो, पण ज्याला घरात कधी किंमत मिळाली नाही त्याच्या कानापर्यंत ‘देव पिता आहे’ हे शब्द पोचताना वाटेत त्याचा स्वतःचा बाप उभा असतो.

आणि मग पापाचा मुद्दा. ख्रिस्ती उपदेशात गर्व हे मूळ पाप धरले जाते. राइनहोल्ड नीबुर या अमेरिकन धर्मतत्त्वज्ञाने गेल्या शतकात ते फार ताकदीने मांडले. त्यामुळे ‘मी कोणीतरी आहे’ असे वाटणे हेच संशयास्पद ठरते. १९६० मध्ये व्हॅलरी सेव्हिंग या अभ्यासक स्त्रीने एका निबंधात विचारले, हे कोणाचे पाप? सत्ता असलेल्या पुरुषाचे असेल. बाईचे पाप बहुधा याच्या विरुद्ध असते: स्वतःला पुसून टाकणे, दुसऱ्यांच्या गरजांत विरघळून जाणे. तिला आणखी नम्र व्हायला सांगणे म्हणजे तिच्या दुखण्यालाच औषध म्हणून पाजणे. हा निबंध वाचला की आपल्याकडची एक बाई आठवते. तिने याचे उत्तर सुमारे ऐंशी वर्षे आधी जगून दाखवले होते.

पंडिता रमाबाईंना विद्वत्तेची कमतरता नव्हती. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेलेली, भावाबरोबर पायी देश पालथा घातलेला, आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिलेल्या. जेम्सच्या सूत्राने पाहिले तर भागाकार मोठा यायला हवा होता. पण पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की धर्मग्रंथ वाचत गेल्यावर त्यांना दिसले, एरवी एकमेकांशी भांडणारी ही पुस्तके या गोष्टीवर मात्र एकमत आहेत: स्त्री, मग ती कोणत्याही जातीची असो, वाईटच. पदवी व्यक्तीला मिळाली होती आणि निकाल सगळ्या स्त्रीजातीवर लागला होता.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींकडे राहिल्या. तिथल्या सिस्टरांनी त्यांना लंडनमधल्या फुलम इथली संस्था दाखवली. समाजाने टाकलेल्या, ‘बिघडलेल्या’ म्हणून हिणवलेल्या बायका तिथे होत्या. त्यांच्यातल्या काही आता आजाऱ्यांची शुश्रूषा करत होत्या. ज्या बायकांची सावलीही इकडे कोणी अंगावर पडू देत नव्हते, त्यांच्याशी या सिस्टर आदराने वागतात याचे रमाबाईंना आश्चर्य वाटले. असे का, म्हणून विचारले, तेव्हा एका सिस्टरने योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली: पाच नवरे झालेली, भरदुपारी एकटी विहिरीवर येणारी बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी फुलमच्या बायका, मग वचन. रमाबाईंनी प्रीतीचा सिद्धान्त आधी ऐकला असता तर त्यावर त्या बिनतोड वाद घालू शकल्या असत्या. त्यांच्यासारख्या वादपटू थोड्याच होत्या.

२९ सप्टेंबर १८८३ ला त्यांचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरची हकिकत साक्षीच्या सभांमध्ये सहसा कोणी सांगत नाही. नव्या धर्माने दिलेले मोल त्यांनी मुकाट मान खाली घालून घेतले नाही. धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. त्यात आज्ञापालनावरून चाललेली खडाजंगी वाचण्यासारखी आहे. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आमची संस्कृत काय कमी आहे, असा त्यांचा सवाल होता. सदसद्विवेकबुद्धी कोणा बिशपाकडे गहाण टाकायला त्या तयार नव्हत्या. त्यांना वळण लावण्याचा तिकडे प्रयत्न झाला तो अहंकाराच्याच नावाने. सेव्हिंगच्या निबंधातली बाई ही नव्हेच.

शिवाय रमाबाईंनीच नोंदवले आहे की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आपण जशा आहोत तशा स्वीकारलेल्या आहोत ही खात्री १८९१ च्या सुमारास आली. सिद्धान्त मान्य करणे आणि तो अंगात मुरणे यांत आठ वर्षे गेली. एका उपासनेत हात वर करून सगळे उरकते असे मानणाऱ्यांनी या आठ वर्षांकडे पाहावे.

मग पुण्याजवळचे केडगाव. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी मुलींना आणले आणि मुक्तिसदन उभे राहिले. फुलममध्ये पाहिलेल्या कामाचे प्रतिरूप म्हणजे तिथले कृपासदन. पण त्यांनी या मुलींना फक्त आसरा दिला नाही. शेती, विणकाम आणि छापखाना त्यांच्या हाती दिला. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर याच बायकांनी खिळे जुळवून छापले. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. एकेकाळी अक्षरओळखही नसलेली, दुष्काळात टाकून दिलेली मुलगी देवाचे वचन शिशाच्या खिळ्यांत उलटे जुळवते आहे, हे दृश्य मला वोल्टरस्टॉर्फच्या शंभर पानांहून जास्त सांगून जाते.

अमेरिकेतही हाच धागा सापडतो. हॉवर्ड थर्मन या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने १९४९ च्या ‘येशू आणि वंचित’ या पुस्तकात आपल्या आजीची आठवण सांगितली आहे. फ्लोरिडात ती गुलाम होती. मालकाचा गोरा उपदेशक येई तेव्हा पौलाच्या पत्रांतून वाचे: दासांनो, धन्यांच्या आज्ञेत राहा. आजीने मनाशी पण केला की मोकळी झाले तर हा भाग पुन्हा कानावर पडू द्यायचा नाही. नातू तिला बायबल वाचून दाखवी, पण पौलाची पत्रे चालत नसत. करिंथकरांस पहिल्या पत्रातला प्रीतीवरचा तेरावा अध्याय तेवढा अधूनमधून चाले. क्वचित कधी मात्र गुलामांतलाच एक उपदेशक येई. तो प्रवचनाच्या शेवटी थांबे, समोरच्या प्रत्येकाकडे पाही आणि सांगे की तुम्ही गुलाम नाही, तुम्ही देवाची लेकरे आहात. हे सांगताना म्हातारीची पाठ ताठ होई, असे थर्मन लिहितो. दोन्ही उपदेशकांच्या हातात शास्त्र एकच होते.

थर्मन स्वतः १९३५-३६ मध्ये भारतात आला होता, बारडोलीला गांधीजींना भेटला. तुझ्या लोकांना ज्यांनी गुलाम केले त्यांचाच धर्म तू का पाळतोस, असे त्या दौऱ्यात श्रीलंकेत त्याला विचारले गेले. पुढचे पुस्तक हे एका परीने त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

सुखवस्तू वाचकांसाठी या विषयावरचे सर्वांत लाडके नाव हेन्री नौवेन यांचे. डच कॅथलिक धर्मगुरू, येल आणि हार्वर्डमध्ये शिकवलेले. विद्यापीठ सोडून ते १९८६ मध्ये कॅनडातल्या ‘डेब्रेक’ या लार्श वसाहतीत बौद्धिकदृष्ट्या अधू माणसांबरोबर राहायला गेले. त्यांच्या वाट्याला आला अ‍ॅडम नावाचा तरुण. त्याला बोलता येत नव्हते, एकट्याने चालता येत नव्हते. रोज सकाळी त्याला उठवणे, न्हाऊ घालणे, दाढी करणे, भरवणे हे प्राध्यापकांचे काम. माझी पुस्तके, माझी पदवी अ‍ॅडमच्या गावीही नाहीत आणि तरी तो मला स्वीकारतो, हे नौवेन यांना तिथे उमगले. १९९२ च्या ‘लाडक्याचे जीवन’ या त्यांच्या पुस्तकामागे हा अनुभव आहे. पण ही गोष्ट इथेच थांबवता येत नाही. लार्शचे संस्थापक जाँ व्हान्ये यांनी अनेक वर्षे आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली किमान सहा स्त्रियांचे लैंगिक शोषण केले, असे संस्थेनेच करवून घेतलेल्या चौकशीतून २०२० मध्ये उघड झाले. त्यात वापरलेली भाषा प्रीतीची होती, देवाच्या प्रीतीची. ‘तू मोलवान आहेस’ असे कोण सांगतो, आणि त्याच्यावर नजर कोणाची असते, हा प्रश्न यापुढे या विषयातून वगळता येणार नाही.

आता घरची गोष्ट. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात संध्याकाळी पाच वाजता कामावर आलेल्या मजुराला सकाळी सहाला आलेल्याइतकीच मजुरी मिळते. सकाळचे लोक कुरकुरतात. त्यांना ठरल्यापेक्षा पैसा कमी मिळालेला नाही. धन्याने उशिरा आलेल्यांना आमच्या बरोबरीचे केले, ही त्यांची तक्रार. भारतीय चर्चचा इतिहास या तक्रारीवाचून वाचता येत नाही. गोव्यात कोंफ्रारी म्हणजे चर्चमधली बंधुमंडळे जातीनुसार बांधली गेली आणि सण साजरे करण्याचे मान तसेच वाटले गेले. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या करणारी भिंत उभी राहिली. डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये जातिभेद आहे हे लेखी कबूल केले.

या सगळ्या विषयावरचा सर्वांत अवघड आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे, आणि मराठी ख्रिस्ती लेखक तो सहसा चुकवून पुढे जातात. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना ते म्हणतात की मिशनऱ्यांनी अस्पृश्याला त्याच्या अधोगतीचे कारण आद्य पाप म्हणून सांगितले. समाजशास्त्र सांगते, माणूस खाली जातो तो भोवतालच्या परिस्थितीमुळे. पापाची शिकवण त्याला या परिस्थितीशी भांडायचे सोडून स्वतःच्या आत पाहायला लावते, आणि म्हणून ती घातक. देवाने तुला क्षमा केली असे सांगण्यासाठी आधी तू दोषी आहेस असे पटवावे लागते. ज्याला हजारो वर्षे दोषीच ठरवले गेले त्याला हे सांगणे म्हणजे काय?

बाबासाहेबांचे म्हणणे मला अर्ध्याहून जास्त पटते. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला काम सुरू केले. पुढे त्या जिल्ह्यातल्या महार-मांग वस्त्यांतून शेकडो कुटुंबे ख्रिस्ती झाली. शाळा आल्या, मास्तर झाले, पाटी-पेन्सिल हातात आली आणि काही घरांत खरोखरच पाठी ताठ झाल्या. लक्ष्मीबाई तिलकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये ब्राह्मण घरातल्या बाईचे सोवळे राहुरीला कसे गळून पडले ते वाचावे. देवाने माणसे केली, जाती आपण केल्या, हे त्यांना कोणा उपदेशकाने पढवले नव्हते. पण ज्या मंडळ्यांत सोमवारी वेठ आणि रविवारी पश्चात्ताप एवढेच चालले, तिथे बाबासाहेबांचा आरोप लागू पडतो. दलित ख्रिस्ती विचारवंतांनी गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जे ईश्वरविज्ञान मांडले, त्याची सुरुवात पापापासून न करता वेदनेपासून होते, ती या आक्षेपाला उत्तर म्हणूनच.

आणि एक गाठ कायद्यात आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला. या मागणीसाठी जाणाऱ्या ख्रिस्ती संघटनांना दर वेळी एकच गोष्ट सिद्ध करावी लागते: बाप्तिस्म्यानंतरही जात गेली नाही, बाहेर गेली नाही आणि आमच्या मंडळीतही गेली नाही. रविवारी व्यासपीठावरून जे नाकारायचे, त्याचे पुरावे गोळा करून शपथेवर मांडायचे.